नव्या पॉवर वीडरचं पहिलं ऑइल: चिखलणीआधी की नंतर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कणकवलीजवळच्या एका शेतकऱ्याने यंदा ७ एचपीचा पेट्रोलवरचा नवा पॉवर वीडर (मागे चालत हाकायचं, माती आणि चिखल ढवळणारं यंत्र) घेतला. मे महिन्यात काजूच्या बागेत आणि मळ्याच्या सुक्या नांगरटीत तो दहा-बारा तास चालला. पुस्तकात पहिलं ऑइल २० तासांनी किंवा एका महिन्याने बदला असं छापलंय. पातळी बघायच्या पट्टीवर ऑइल स्वच्छ दिसतं, गॅरेजवाला म्हणतो अजून चालू दे, आणि चिखलणी तोंडावर आली आहे. तर ऑइल आत्ता बदलायचं की चिखलणी उरकून? कोणतं घालायचं? ९०० मिलीची बाटली आख्खी ओतायची का? आणि उरलेलं ऑइल घरच्या फोर-स्ट्रोक ग्रास कटरला चालेल का?

आत्ताच बदला, यंत्र चिखलात उतरायच्या आधी. २० तास भरायची वाट पाहू नका. एक तर पुस्तकातल्या त्या ओळीचा अर्थ ‘तास किंवा महिना, जे आधी भरेल ते’ असा असतो, आणि तुमचा महिना भरत आलेला आहे. पण पुस्तक बाजूला ठेवलं तरी माझा सल्ला हाच राहील, कारण कोकणात हे ऑइल तासांनी कमी आणि पाण्याने जास्त खराब होतं.

आधी या इंजिनाच्या पोटात काय आहे ते बघा. होंडाचं जीएक्स-२०० असो, नाहीतर त्याच्या घडणीवर बेतलेली १९६ ते २१२ सीसीची इतर इंजिनं असोत, यांत ऑइल पंप नसतो आणि ऑइल फिल्टरही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक छोटी जीभ असते. क्रँक फिरला की ती चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या डब्यातल्या, ऑइलला झोडपते आणि उडालेल्या तुषारांवर सिलिंडर, पिस्टन, कॅम, बेअरिंग सगळं भिजतं. मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर हे सेकंदाला ६० वेळा घडतं. गाडीच्या इंजिनात धातूचा कीस फिल्टरमध्ये अडकतो. इथे त्याला अडकायला जागाच नाही. तो ऑइलबरोबर पुन्हा पुन्हा उडत राहतो आणि ज्या बेअरिंगला वाचवायचं, त्यातच जाऊन बसतो. तो बाहेर काढायचा एकच रस्ता, ऑइल सांडणं.

नव्या इंजिनात हा कीस सगळ्यात जास्त असतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात. पहिल्या काही तासांत रिंगा त्या रेघांची टोकं घासून काढतात आणि मग भिंतीला नीट बसतात. कॅमचे दातही एकमेकांशी जुळतात. ओतकामाचा उरलासुरला कण, जोडणीच्या वेळी लावलेलं ग्रीस, सगळं त्या पहिल्या अर्ध्या-पाऊण लिटरात उतरतं. पट्टीवरच्या पातळ थरात यातलं काही दिसत नाही. म्हणून ‘ऑइल अजून स्वच्छ आहे’ हा गॅरेजवाल्याचा निकष जुन्या इंजिनाला थोडाफार लागू पडेल, नव्याला अजिबात नाही.

आता पाण्याचं. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. त्यातली बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते. थोडी मात्र रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते, आणि रिंगा अजून बसलेल्या नसतील तर जास्तच उतरते. इंजिन तासभर सलग तापलं तर ही वाफ ब्रीदरमधून (चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेने) निघून जाते. पण पावसाळ्यात आपल्याकडे यंत्र कसं चालतं? एक कुणगा (भातखाचर) उरकायचा, सर आली की बंद, मेर (बांध) ओलांडून दुसऱ्यात न्यायचं, पुन्हा वीस मिनिटं. इंजिन पुरतं तापतच नाही, वर हवेत दमटपणा, समुद्राकडच्या गावांत खारी हवा. ती वाफ ऑइलमध्येच मुरते. जून-जुलैत टोपण उघडलं आणि आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय दिसली तर ती हीच. थोडी साय फक्त टोपणाला असेल तर घाबरायचं कारण नाही, इंजिन अर्धा-पाऊण तास कामावर सलग चालवा, ती जाते. पट्टीवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल तर मात्र त्या दिवशी यंत्र चालवू नका, आधी ऑइल बदला.

चिखलणी हे या इंजिनाचं वर्षातलं सगळ्यात जड काम. फाळ चिखलात रुतलेले, थ्रॉटल पूर्ण, वाऱ्याच्या पंख्याच्या जाळीवर आणि सिलिंडरच्या पात्यांवर चिखलाचे शिंतोडे वाळून बसलेले. हवेवर थंड होणारं इंजिन अशा वेळी नेहमीपेक्षा जास्त तापतं. त्या कामाला कीस मिसळलेलं पहिलं ऑइल घेऊन उतरायचं, हे नव्या यंत्राचं आयुष्य पहिल्याच हंगामात कमी करणं आहे. ऑइलचा खर्च एका वेळच्या पेट्रोलच्या टाकीइतकाही नाही.

तास मोजायचं मीटर या यंत्रांवर बहुधा नसतं, म्हणून पेट्रोलवर हिशेब ठेवा. या वर्गातलं इंजिन पूर्ण जोरावर तासाला दीड लिटरच्या आसपास पितं, हलक्या कामात लिटरभर. म्हणजे २० तास म्हणजे साधारण २० ते ३० लिटर पेट्रोल. कॅन भरून आणला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला आकडा लिहायचा, एवढं पुरतं. ऑइल बदललं की तीही तारीख तिथेच आणि यंत्राच्या पुस्तकातही लिहा. ऑइलचं बिल पुस्तकातच टाचून ठेवा, वॉरंटीत इंजिनाचा वाद झाला तर दाखवायला हाच कागद असतो.

कोणतं ऑइल? पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यावर पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण हीच इंजिनं थंड देशांत बर्फ फेकायच्या यंत्रांवरही बसतात आणि तक्ता शून्याखालून सुरू होतो. त्यातला ५डब्ल्यू-३० चा (हा ऑइलच्या पातळ-घट्टपणाचा नंबर) पट्टा त्यांच्यासाठी आहे. आपण तक्त्याचं उजवं, गरम टोक बघायचं. १०डब्ल्यू-३० हे फोर-स्ट्रोक ऑइल, एपीआय दर्जा एसजे किंवा त्यापुढचं कोणतंही (एसएल, एसएम, एसएन), कोकणात वर्षभर चालतं. पुस्तकात २०डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेही निर्धास्त घाला, आपल्याकडे इंजिनाला थंडी म्हणावी अशी लागतच नाही. दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तर नव्या इंजिनाला मी १०डब्ल्यू-३० निवडेन, कारण तुषारांवर चालणाऱ्या इंजिनात पातळ ऑइल लवकर सगळीकडे पोचतं. मोटरसायकलचं फोर-टी (फोर-स्ट्रोकचं) ऑइल चालतं. स्कूटरचं चालतं. टू-टी अजिबात नाही, ते पेट्रोलमध्ये मिसळून जळायचं ऑइल आहे, चेंबरमध्ये भार पेलायचं नाही. महागडं सिंथेटिक घालून फायदा नाही, कारण ते पूर्ण वापरायच्या आत पाण्यामुळे सांडावंच लागणार. आणि ऑइलमध्ये टाकायच्या ज्या चमत्कारी बाटल्या दुकानात मिळतात त्या नव्या इंजिनापासून लांब ठेवा. रिंगा बसायला थोडी घासणी लागते, ती अडली तर इंजिन कायमचं ऑइल पीत राहतं.

मोजमापाचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात, कारण या यंत्रांची सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. जीएक्स-२०० च्या चेंबरमध्ये ०.६ लिटर मावतं. २१२ सीसीच्या बहुतेक इंजिनांतही तेवढंच, तरी तुमच्या पुस्तकातला आकडा पाहून घ्या. बाजारातली फोर-टीची बाटली ८०० मिली, ९०० मिली किंवा १ लिटरची. यंत्र कललेलं असताना ती आख्खी ओतली की दीडपट ऑइल होतं. मग रॉडची ती जीभ ऑइलला झोडपत नाही, त्यात बुडून फेस करते. फेसात हवा असते, हवेने काही भिजत नाही. शिवाय जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये चढतं, स्पंज भिजतो, प्लग काळा होतो, सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर निघतो, आणि मालक ‘नवीन यंत्राच्या रिंगा गेल्या’ म्हणून दुकानात जातो. रिंगांना काही झालेलं नसतं. आणखी वाईट म्हणजे असं यंत्र टेम्पोत चढवताना कललं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि दोरी ओढली जात नाही. अशा वेळी जोर लावून ओढू नये, रॉड वाकतो. प्लग काढायचा, भोकावर फडकं धरायचं, दोरी हळू ओढून ऑइल बाहेर काढायचं, मग पातळी नीट करून प्लग पुसून बसवायचा.

आता प्रत्यक्ष काम. पावसाच्या दिवसांत हे पडवीत किंवा मांगरात (शेतघरात) करा, उघड्या अंगणात नाही. चेंबरच्या तोंडात पागोळीचे चार थेंब गेले तरी नव्या ऑइलची सुरुवात पाण्याने होते. जमीन टणक आणि सपाट हवी. शेणाने सारवलेल्या खळ्यापेक्षा चिऱ्यांची किंवा कोब्याची जागा बरी. लागणारं सामान थोडंच: ड्रेन बोल्टला बसेल तो रिंग पाना (१०, १२ किंवा १४ चा असतो, आधी चढवून बघा), पसरट टब, नरसाळं, स्वच्छ सुती फडकं, नवं वायसर, आणि मिलीच्या खुणा असलेलं मापाचं भांडं. स्क्रू पाना वापरू नका, बोल्टचे कोपरे गोल होतात.

इंजिन चालू करून तीन ते पाच मिनिटं मध्यम गतीवर ठेवा. उद्देश ऑइल कोमट करून पातळ करणं आणि तळाला बसलेला कीस ढवळणं एवढाच. चिखलणी करून आलेल्या कडकडीत इंजिनाचं ऑइल लगेच काढू नका, हात भाजतो. बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लगची टोपी काढून बाजूला वळवा. सायलेन्सर जवळच असतो, त्याला कोपर लागणार नाही अशा बाजूने बसा. ऑइलच्या टोपणाभोवतीची आणि ड्रेन बोल्टभोवतीची माती आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते, ती आत गेली की ती कानशीच.

या इंजिनांना टोपण आणि ड्रेन बोल्ट दोन्ही बाजूंना असतात. वीडरवर एक बाजू बहुधा फ्रेमला किंवा गिअरबॉक्सला टेकलेली असते, मोकळी असेल ती निवडा. बोल्टखाली फ्रेमचा पट्टा आला तर ऑइल पट्ट्यावरून ओघळून सगळीकडे जातं. त्यासाठी रिकामी ऑइलची बाटली उभी कापून तिचा पन्हळ करा आणि बोल्टखाली सरकवा. टोपण सैल करा म्हणजे वरून हवा मिळेल. बोल्ट पान्याने डावीकडे अर्धा फेरा फिरवा, बाकी बोटांनी, आणि शेवटच्या आट्याला आतल्या बाजूला दाबून धरून झटकन बाजूला घ्या. ऑइल पाच-दहा मिनिटं निथळू द्या, मग यंत्र बोल्टच्या बाजूला थोडं, १०-१५ अंश, कलवून धरा. तळाला साठलेला शेवटचा अर्धा कप असतो तोच सगळ्यात गाळ असलेला. कलवताना एअर फिल्टर वरच्या अंगाला राहील हे बघा.

निघालेलं ऑइल लगेच फेकू नका. यंत्र नवं असताना त्याच्या आत काय चाललंय हे सांगणारी एवढीच एक गोष्ट तुमच्या हाती येते. चमचाभर ऑइल पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत घ्या, उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात धरा आणि बशी हळूच हलवा. करड्या ऑइलात अतिशय बारीक चांदीसारखी झाक फिरताना दिसेल, बोटांच्या चिमटीत घेतली तर काहीही लागणार नाही. ती झाक ठीक आहे, रिंगा बसत असल्याची खूण आहे. चिमटीत खरखर लागली, डोळ्यांना वेगळे दिसणारे तुकडे किंवा कपच्या निघाल्या, तर थांबायचं. बशीखाली लोहचुंबक फिरवा. तुकडे सरकले तर ते लोखंडी, म्हणजे रिंगा, कॅम किंवा बेअरिंग. नाही सरकले तर ते ॲल्युमिनियम, आणि या इंजिनांत रॉड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचेच असतात. अशा वेळी ते ऑइल बाटलीत बंद करून बशीतल्या तुकड्यांसह विक्रेत्याला दाखवा, इंजिन चालवू नका. झाक किती जास्त म्हणजे जास्त, हे पहिल्या वेळी ठरवता येत नाही, पण दुसऱ्या बदलाच्या वेळी ती जवळपास नाहीशी झालेली असली पाहिजे. ऑइलाला पेट्रोलचा उग्र वास येतो का तेही आत्ताच बघून ठेवा.

बोल्ट परत लावताना घाई करू नका. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, बोल्ट लोखंडी. आधी बोटांनी तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा सरळ धरा. वायसर नवं घाला, जुनं चेपलेलं वायसर पुन्हा धरत नाही, मग माणूस ते धरावं म्हणून जास्त आवळतो आणि आटे जातात. वायसर टेकल्यावर लहान रिंग पान्याने पाव फेरा, क्वचित थोडा जास्त. पान्याला पाइप लावून आवळायचं काम हे नव्हेच. टॉर्क रेंच असेल तर जीएक्स-२०० च्या मापाच्या बोल्टला २० न्यूटन-मीटरच्या आसपास. आटे गेलेच तर एम-सील किंवा टेफ्लॉन टेप लावून दिवस ढकलू नका. कुडाळ, कणकवली, चिपळूणसारख्या ठिकाणी लेथवाले आत नव्या आट्यांची स्प्रिंग बसवून देतात, ते काम पक्कं होतं.

ऑइल भरताना यंत्र खरोखर समतल हवं. वीडरचं नाक जमिनीला टेकलेलं असतं किंवा तो फाळांवर मागे झुकलेला असतो, तसं भरू नका. वाहतुकीची चाकं लावून पुढच्या टेकूखाली फळी सारा आणि गवंड्याची लेव्हल पट्टी इंजिनाच्या बैठकीवर ठेवून बघा. हे नाटक वाटेल, पण या इंजिनाचं ऑइल भरायचं तोंड फार खाली असतं, त्यामुळे यंत्र थोडं कललं तरी पट्टीचं वाचन साफ बदलतं. मापाने आधी ५०० मिली ओता. दोन मिनिटं थांबा. पट्टी पुसा, आत घाला, पण आटे फिरवू नका, नुसती टेकवून बाहेर काढा. होंडाच्या घडणीच्या इंजिनांना हीच रीत आहे. आटे आवळून पाहिलं तर पट्टी खोल जाते, ऑइल जास्त दिसतं आणि प्रत्यक्षात कमी पडतं. काही कंपन्यांच्या पुस्तकात आटे आवळून पाहा असं असतं, तिथे पुस्तक खरं. उरलेलं दोन-दोन झाकणं करत घाला, वरच्या खुणेपर्यंत. तोंडातून बघितलं तर ऑइल खालच्या काठाशी अगदी टेकलेलं दिसतं, थोडं जास्त झालं की ते तिथूनच बाहेर ओघळतं. नीट निथळलेल्या इंजिनात ५५० ते ६०० मिलीत पातळी येते. ५०० लाच आली तर जुनं ऑइल आत राहिलंय किंवा यंत्र कललंय.

टोपण लावा. प्लगची टोपी काढलेलीच ठेवून दोरी हळू तीन-चार वेळा ओढा, म्हणजे पेटण्याआधी ऑइल वर उडेल. मग टोपी लावा, कॉक उघडा, चालू करा, एक-दोन मिनिटं हळू गतीवर. बंद करा, पाच मिनिटं थांबा, पट्टी पुन्हा बघा, बोल्टाखाली बोट फिरवून ओलावा आहे का पाहा. पहिल्या दिवशी काम झाल्यावर बोल्ट परत एकदा बघावा, जास्तीचा आवळायला नव्हे, तर ऑइलचा ओघळ शोधायला.

या यंत्रांत ऑइलची पातळी कमी होण्याइतकंच ती वाढणं धोक्याचं असतं, आणि ते लक्षात येत नाही. ऑइल आपोआप वाढत नसतं. पातळी खुणेच्या वर गेली आणि पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरची सुई (टाकीतून येणारं पेट्रोल अडवणारी) नीट बसत नाही आणि पेट्रोल सिलिंडरमार्गे चेंबरमध्ये उतरतंय. कॉक चालू ठेवून टेम्पोतून आणलेलं, घाटात हिंदकळलेलं यंत्र हे याचं नेहमीचं कारण. आत्ताच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधला इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो, टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं असं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरा-हिरवट गंज धरतं आणि सुईखाली कण अडकतो. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, ते रॉडला वाचवत नाही. सुई साफ करून ऑइल बदलल्याशिवाय चालू करू नका. आणि काम संपलं की, अगदी जेवायला बसतानाही, कॉक बंद करायची सवय लावा.

उतार हीदेखील आपल्याकडची गोष्ट. तुषारांवर चालणारी ही इंजिनं २० अंशांपर्यंतच्या उताराला सुरक्षित असतात. काजूच्या वरकस डोंगरावर त्याहून तिरपं चालवलं की जीभ ऑइलापर्यंत पोचत नाही. काही इंजिनांना ऑइल कमी झालं की बंद करणारा सेन्सर असतो, पण तो पातळी बघतो, रॉड भिजतोय का ते बघत नाही. २० अंशांच्या आतल्या उतारावरही आडवं चालवा, वर-खाली नको, आणि वळताना थ्रॉटल कमी करा.

यानंतरचं ऑइल कधी? पुस्तक १०० तास किंवा सहा महिने म्हणतं, तेच पुस्तक धूळ-चिखलात लवकर बदला असंही म्हणतं. चिखलणीत वापरायच्या यंत्राला मी ५० तास धरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हंगाम संपवून यंत्र ठेवताना बदला, पुढच्या वर्षी काढताना नाही. भातकापणीनंतर वीडर मांगरात जातो तो मेपर्यंत. पावसाळ्यातलं पाणी आणि जळणाचं आम्ल मुरलेलं ऑइल तेवढे महिने बेअरिंगला चिकटून राहिलं तर गंज धरतो. ठेवताना नवं ऑइल घाला, दहा मिनिटं चालवा, कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा, टाकी रिकामी करा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, दोरी दोन वेळा ओढा, प्लग लावा.

इंजिनाबरोबर गिअरबॉक्सकडेही बघा. त्याचं ऑइल वेगळं असतं, बहुतेक ८०डब्ल्यू-९० किंवा ज्याला दुकानात नव्वद नंबर म्हणतात ते, आणि त्याचंही पहिलं ऑइल कीस धरतं. चिखलणीत फाळांच्या दांड्याभोवती गवत, सुतळी, जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळला जातो. हा धागा ऑइल सीलची कड कापतो, तिथून चिखलपाणी आत जातं. रोज संध्याकाळी फाळ काढून दांडा साफ करणं कंटाळवाणं आहे, पण गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा सोपं आहे. एअर फिल्टर तेलात बुडालेला प्रकारचा असेल तर त्याच्या वाटीत तेच इंजिन ऑइल खुणेपर्यंत घाला. नुसता स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑइल लावून पिळून बसवा.

डिझेल वीडर असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. त्याला १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल लागतं. १७८एफ इंजिनात १.१ लिटर, १८६एफ मध्ये १.६५ लिटर. यांना पंप असतो आणि आत जाळीही असते, ऑइल बदलताना ती डिझेलने धुऊन बसवावी.

जुनं ऑइल पऱ्यात (ओढ्यात), विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, वाळवीसाठी कलमाच्या बुंध्याला फासू नका. ते मातीत वर्षानुवर्षं राहतं आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यात खालच्या विहिरीत उतरतं. हातमोजे घालून काम करा, जळलेलं ऑइल पुन्हा पुन्हा कातडीला लागणं बरं नाही. बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या, तिथून ते शुद्धीकरणाला घेणाऱ्यांकडे जातं.

उरलेलं १०डब्ल्यू-३० ग्रास कटरला चालतं, फक्त तो फोर-स्ट्रोक आहे याची खात्री करा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालत असाल तर तो बहुधा टू-स्ट्रोक, त्याला ऑइलचं वेगळं चेंबरच नाही. होंडाच्या जीएक्स-३५ सारख्या इंजिनात जेमतेम १०० मिली मावतं, पहिला बदल १० तासांनी किंवा महिन्याने, पुढे ५० तासांनी. इतक्या थोड्या ऑइलात २० मिली कमी पडणं म्हणजे पाचवा हिस्सा कमी पडणं, म्हणून तो रोज चालू करण्याआधी बघावा. ९०० मधले ६०० वीडरला आणि १०० कटरला गेले की २०० मिली राहतात. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. चिखलणीच्या दिवसांत वीडरला वरचेवर घालायला तेवढी पुरते.